दुनळीची शिकल

खंडेनवमीला मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांत शस्त्रं बाहेर निघतात. तलवार, जंबिया, भाल्याचं पातं, आणि काही घरांत वर्षभर कपाटात उभी असलेली एखादी दुनळी बंदूक. नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. देशमुख, जहागीरदार, पाटील यांच्याकडे शिकारीच्या आणि राखणीच्या बंदुका असत, आणि त्यांत विलायती दुनळ्याही असत. त्यांतली एखादी पहिल्या महायुद्धाच्या आधीची असेल, तर तिच्या नळ्या डमास्कस लोखंडाच्या असण्याची बरीच शक्यता असते. पूजेआधी घरातलं कुणीतरी मोठ्या उत्साहाने पॉलिश पेपर घेऊन बसतं आणि तपकिरी, डागाळलेली नळी घासून लख्ख पांढरी करतं. हळदीकुंकू लागतं, हार चढतो, आणि कुणा कारागिराने कित्येक दिवस खपून चढवलेला रंग एका सकाळीत उतरलेला असतो.

तो तपकिरी थर म्हणजे मळ नव्हता. तो गंजच होता, पण मुद्दाम, थोडा थोडा, मोजूनमापून चढवलेला. डमास्कस नळीची सगळी शोभा त्या गंजावर उभी असते. तो घासून काढला की खालची नक्षी नाहीशी झाल्यासारखी वाटते. ती गेलेली नसते, दिसेनाशी होते. धातूच्या अंगातच असल्यामुळे ती परत वर आणता येते. हे काम आहे संयमाचं, आणि घाई करणाऱ्याच्या हातून ते बिघडतंच.

आधी ही नळी कशी घडते ते पाहू, म्हणजे पुढची प्रत्येक पायरी का आहे हे आपोआप कळेल. मऊ लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या आलटून-पालटून एकावर एक रचायच्या, तापवून एकजीव ठोकायच्या आणि त्याची बोटाहून बारीक चौकोनी सळई ओढायची. ती सळई लालबुंद असताना चऱ्हाट वळतात तसा तिला पीळ द्यायचा. अशा दोन, तीन किंवा चार पिळलेल्या सळया शेजारी शेजारी ठेवून पुन्हा एकजीव ठोकल्या की एक लांब पट्टी तयार होते. ती पट्टी लोखंडी दांड्याभोवती गुंडाळायची, वेढ्याला वेढा जोडत ठोकत न्यायचं, आणि मग आतून भोक पाडून बाहेरून कानस मारून नळी उतरवायची. सळईतला पीळ कापला गेला की पृष्ठभागावर बारीक अर्धवर्तुळं ओळीने उमटतात. तीन सळयांची नळी असेल तर तिन्ही ओळी शेजारून तिरक्या धावत नळीभर फिरतात. बेल्जियममधल्या लिएजजवळच्या वेद्र नदीच्या खोऱ्यात, इंग्लंडात बर्मिंगहॅमला, फ्रान्समध्ये सेंट एतिएनला ही नळ्यांची घडाई चाले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ती जवळपास संपली. तोवर एकसंध पोलादाच्या नळ्या स्वस्त आणि जास्त भरवशाच्या झाल्या होत्या.

पिळाची नळी हा काही युरोपचाच शोध नाही. अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त अकबराच्या कारखान्यातल्या बंदुका कशा घडत याचं वर्णन केलं आहे. लोखंडाची पट्टी तिरकी गुंडाळायची, कडा एकमेकींवर चढवायच्या आणि हळूहळू तापवून त्या जोडायच्या, अशी ती रीत. उत्तरेतल्या आणि दख्खनेतल्या तोड्याच्या बंदुकांच्या नळ्यांवर असा पीळ आजही पाहायला मिळतो. सदाशिवरावभाऊंनी ३ फेब्रुवारी १७६० ला निजामाला उदगीरजवळ वाकवलं, त्या लढाईत इब्राहिमखान गारदीच्या पलटणींच्या बंदुका कडाडल्या. ते उदगीर आज लातूर जिल्ह्यात आहे. तेव्हा बंदुकीची नळी आणि ती घडवणारे-राखणारे हात ही या मुलखाला नवी गोष्ट नाही.

इथे एक गल्लत मात्र टाळायला हवी. नांदेडला लागून असलेल्या निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रम या गावी एके काळी जगप्रसिद्ध पोलाद तयार होत असे. हेन्री वॉयझी या सर्वेक्षण खात्यातल्या डॉक्टराने ती कृती पाहून लिहून ठेवली. त्याचं टिपण १८३२ मध्ये छापलं गेलं, आणि इराणचे व्यापारी ते पोलाद न्यायला तिथपर्यंत येत हे त्यात आहे. ते पोलाद मातीच्या बंद मुशीत वितळवून बनवलेलं असे. त्यात कार्बन साधारण दीड टक्क्याच्या आसपास, आणि त्याची पाण्यासारखी लहर धातू थंड होताना व पुढे ठोकताना आपोआप तयार होई. तलवारीवरच्या त्या लहरीला जौहर म्हणतात. दुनळीच्या नळीवरची नक्षी दोन धातू जोडून आणि पिळून केलेली असते. दोन्ही वस्तूंना डमास्कसच म्हटलं जातं आणि दोन्हींची नक्षी आम्लाने उठते, पण म्हणून एकीची कृती दुसरीवर चालवू नये. दख्खनी तलवार घरात असेल तर ती जाणकाराला दाखवावी. हा लेख नळीपुरता आहे.

आता कायद्याची गोष्ट, आणि ती कामाच्या आधीच. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार बंदुकीची दुरुस्ती करायला स्वतंत्र परवाना लागतो. चालू बंदुकीचा परवाना तुमच्याकडे असला तरी तो बाळगण्याचा आहे, दुरुस्तीचा नाही. चालू स्थितीतल्या बंदुकीचं काम परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडेच द्यावं. जे हत्यार जुन्या पद्धतीचं किंवा निकामी आहे आणि दुरुस्तीनंतरही चालवता येणार नाही, त्याला कलम ४५ ने वगळलं आहे. पण ते खरोखर तसं आहे हे आपण घरी बसून ठरवायचं नसतं. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचारून, कागद हातात घेऊनच पुढे जावं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनपेक्षा जास्त बंदुका बाळगता येत नाहीत, आणि वारशाने आलेली बंदूकही त्यात मोजली जाते. पुढे लिहिलेली घरगुती कृती अशा रीतसर निकामी ठरलेल्या नळ्यांसाठी आहे. ज्यांची बंदूक चालू आहे त्यांना दुकानात काय चाललं आहे ते समजावं, एवढा तिचा उपयोग.

आणखी एक, प्राणाची गोष्ट. या नळ्या काळ्या दारूच्या हिशेबाने घडलेल्या आहेत. आजचं धूररहित दारूचं काडतूस त्यात कधीही घालू नये. वरून नळी कितीही देखणी झाली तरी आतल्या शेकडो जोडांपैकी कुठला शंभर वर्षांत आतून गंजला आहे हे डोळ्याला दिसत नाही.

नळी खरी डमास्कस आहे का, ही पहिली तपासणी. स्वस्त बंदुकांवर साध्या लोखंडी नळीला आम्लाने नुसती वरवर नक्षी छापून देत. अशी नळी घासली की नक्षी कायमची गेली. म्हणून पुढच्या लाकडी दस्त्याखाली झाकला जाणारा भाग शोधावा. तिथे एक इंचभर जागा केरोसीनने, मग अॅसिटोनने पुसून, बारीक पॉलिश पेपरने हलकी उजळ करावी आणि पाण्याने पुष्कळ पातळ केलेलं फेरिक क्लोराईड कानाच्या कापसाच्या काडीने अर्धा मिनिट लावावं. भिंग धरून पाहा. घासलेल्या पांढऱ्या लोखंडात काळसर आणि रुपेरी रेषा आपापल्या जागी उमटू लागल्या, तर नळी खरी. काहीच उमटलं नाही किंवा सरसकट काळवंडलं, तर इथेच थांबा. ती छापलेली नक्षी आहे, तिला तेल लावून जशी आहे तशी ठेवा.

दुसरी तपासणी कानाने करायची. दोन्ही नळ्या आणि त्यांच्यामधली पट्टी कथिल-शिशाच्या डाखाने जोडलेल्या असतात. नळ्यांची जोडी दोरीने टांगून बोटाच्या पेराने टिचकी मारा. स्वच्छ, लांबणारा नाद आला तर डाख धड आहे. बद्द किंवा झरझरणारा आवाज आला तर पट्टी कुठेतरी सुटली आहे. अशी नळी उकळत्या पाण्यात घातली की पाणी पट्टीखाली शिरतं, आतून गंजत राहतं, आणि वर्षभराने तो गंज बाहेरून फुटतो. आधी डाख, मग रंग.

याच डाखामुळे बाजारातली एक सोय इथे वर्ज्य आहे. नव्या बंदुकांना निळा-काळा रंग देताना कॉस्टिक सोड्याच्या आणि नायट्रेट क्षारांच्या द्रावणात, १४० अंशांच्या आसपास तापवून नळ्या बुडवतात. डमास्कस दुनळीवर हे केलं तर कॉस्टिक डाख खाऊन टाकतं, पट्टी सुटते, आणि पट्टीखाली अडकलेले क्षार पुढे वर्षानुवर्षं लोखंड कुरतडतात. अशा बाद झालेल्या नळ्या परत जोडणं हे मूळ कामाच्या कितीतरी पट अवघड.

जुना रंग उतरवायला बफिंगचं यंत्र नको. बफ नक्षीच्या कडा बोथट करतं, बनावटीची अक्षरं आणि परीक्षेचे ठसे पुसतं, आणि नळी डोळ्याला कळणार नाही अशी पातळ होते. लिएजच्या परीक्षेचा ठसा, अंडाकृती चौकटीतली ई-एल-जी ही अक्षरं, नळीच्या बुडाशी खालच्या अंगाला सापडतो. तो तिचा जन्मदाखला आहे, त्यावर पेपर फिरवूच नये. नळी पांढऱ्या व्हिनेगरने भिजवलेल्या कापडात काही तास गुंडाळून ठेवली की जुना रंग सैल होतो. मग सपाट लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून, २२० नंबरपासून ३२०, ४०० पर्यंत, नळीच्या लांबीच्या दिशेनेच घासायचं. आडवं घासलं तर ओरखडे नक्षीतून डोकावत राहतात. खोल खड्डे असतील तर ते तसेच सोडून द्यावेत. खड्डा घालवायला चार जागी लोखंड कमी करणं म्हणजे शोभेसाठी नळीच खाणं.

मग नळ्यांची तोंडं बंद करायची. बाभळीच्या किंवा सागाच्या निमुळत्या खुंट्या चारही टोकांना घट्ट बसवायच्या आणि त्या वीतभर बाहेर राहतील अशा ठेवायच्या. पुढे सगळं काम खुंट्या धरूनच करायचं आहे, कारण इथून पुढे नळीला उघडं बोट लागता कामा नये. बोटाचं तेल लागलं तिथे गंज बसत नाही, आणि शेवटी तिथे बोटाच्या आकाराचा फिका डाग राहतो. नळ्या धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात चांगल्या उकळा. उकळताना पट्टीखालचं जुनं तेल बाहेर येतं. ते येणं थांबेपर्यंत पाणी बदलत राहा. नंतर अॅसिटोन, आणि स्वच्छ रबरी हातमोजे.

पाण्याचा प्रश्न लातूरकरांना वेगळा सांगायला नको. बोअरचं पाणी जड असतं. उकळलं की भांड्याला पांढरी पापडी धरते आणि तीच पापडी नळीवरही बसते, गंजाच्या थरात ठिपके सोडते. म्हणून उकळायला बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्यावं, किंवा पावसाळ्यात पत्र्यावरचं पहिलं पाणी सोडून नंतरचं पावसाचं पाणी साठवावं. उकळण्याचं पन्हाळं स्टेनलेस स्टीलचं करून घ्यावं. दुनळीच्या नळ्या साधारण २८ ते ३० इंच असतात, खुंट्यांसकट चार फूट धरा. जस्ताच्या पत्र्याचं पन्हाळं नको, जस्त पाण्यात उतरून गंजाचा खेळ बिघडवतं. दोन शेगड्या शेजारी ठेवल्या की पन्हाळं नीट तापतं.

आता द्रावण. जुन्या विलायती कृतींत नायट्रिक आम्ल, मोरचूद, लोहाचं टिंक्चर आणि रसकापूर अशा चिजा असत. रसकापूर हा पाऱ्याचा जहाल विषारी क्षार आहे, तो घरात आणूच नये. मोरचूद जास्त झालं तर लोखंडावर तांब्याचा लालसर मुलामा चढतो आणि सगळं पुन्हा उतरवावं लागतं. घरच्या कामाला एकटं फेरिक क्लोराईड पुरतं. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात सर्किट बोर्ड कोरण्यासाठी ते मिळतं. तयार द्रावणाच्या एका भागाला वीस भाग डिस्टिल्ड पाणी, इथून सुरुवात करावी, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात. नेहमी पाण्यात द्रावण ओतायचं. काम अंगणात, डोळ्यांवर चष्मा, आणि पोरंबाळं दूर.

कापसाचा बोळा द्रावणात बुडवून इतका पिळा की नळीवर थेंब राहणार नाही, फक्त ओल दिसेल. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच लांब हात मारायचा, मागे-पुढे नाही. थेंब ओघळला तर तिथे खड्डा पडतो आणि त्याची रेघ शेवटपर्यंत जात नाही. मग नळ्या खुंट्यांवर टांगून ठेवायच्या आणि हवेला तिचं काम करू द्यायचं. इथे मराठवाड्याचे ऋतू आपले सोबती. श्रावणात दमट हवेत सहा-आठ तासांत नळीभर बारीक तांबूस गंजाची सारखी पूड चढते. मे महिन्यात, पारा चाळिशी ओलांडून गेलेला असताना, द्रावण गंज धरण्याआधीच वाळतं. तेव्हा न्हाणीघरात ओली गोणपाटं टांगून, दार लावून, आतली हवा दमट करावी लागते. काम पावसाळ्यात काढावं हेच उत्तम.

गंज सारखा आला की नळ्या पन्हाळ्यातल्या खळखळत्या पाण्यात दहा मिनिटं बुडवायच्या. लाल गंज पाहता पाहता काळा पडतो. रसायनाच्या भाषेत त्याचा मॅग्नेटाईट होतो, आणि तो लोखंडाला घट्ट धरून बसतो. ज्यांना काळ्या-पांढऱ्याऐवजी जुना तपकिरी रंग हवा, त्यांनी उकळू नये. नुसतं कढत पाणी ओतून गंज थांबवावा. मग नळी कोरडी झाली की अॅसिटोनने धुतलेली बारीक स्टील वूल घेऊन हलक्या हाताने वरची सैल पूड झाडायची. जोर लावायचा नाही. जे सुटतं ते सुटू द्यायचं, जे धरून बसलं आहे ते आपलं.

पहिल्या फेरीनंतर नळी पाहिली की मन खट्टू होतं. करडी, ठिकठिकाणी फिकी, नक्षीचा पत्ता नाही. दुसऱ्या फेरीतही फारसं काही नाही. धीर सुटणारे इथे द्रावण तीव्र करतात आणि काम घालवतात. तिसऱ्या-चौथ्या फेरीत, पूड झाडून नळी उन्हाकडे तिरकी धरली, की एक गोष्ट दिसू लागते. करड्या अंगाखालून बारीक अर्धवर्तुळांची एक ओळ वर येते, शेजारी दुसरी, आणि दोन ओळींच्या मधोमध वेढ्याचा जोड तिरका जाताना दिसतो. भिंगातून पाहिलं तर एकेका अर्धवर्तुळात काळ्या-उजळ रेषा आळीपाळीने लागून असतात. ज्या सळया कुणी लालबुंद असताना पिळल्या होत्या, त्यांचा प्रत्येक पीळ तिथे मोजता येतो. लोखंड आणि पोलाद आम्लाला वेगवेगळ्या वेगाने धरतात, म्हणून एक रेष गडद आणि एक उजळ. मला या कामातला हा क्षण सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण इथे कारागिराचा हात पहिल्यांदा दिसतो.

अशा सहा ते दहा फेऱ्या लागतात. रंग आणखी गडद होत नाही असं दिसलं की थांबायचं. शेवटी नक्षी अधिक उठावी म्हणून पातळ फेरिक क्लोराईडचा एक हात मारून, उजळ रेषा चमकताच, लगेच भरपूर पाण्याने धुवायचं. इथे काही सेकंद जास्त झाले तर आठवड्याची मेहनत फिकी पडते, म्हणून आधी दस्त्याखालच्या झाकलेल्या भागावर अंदाज घ्यावा.

हे सगळं ज्यांच्या रक्तात आहे असा समाज नांदेडात आहे, तो शिकलगारांचा. हत्यारांना शिकल करणं, म्हणजे घासून-पुसून लखलखीत राखणं, हाच त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा, आणि नांदेडच्या शीख शिकलगारांच्या हातच्या कृपाणी आणि तलवारी सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या परिसरात विकल्या जातात. महाराजा रणजितसिंहांच्या काळात, १८३२ ते १८३७ दरम्यान उभ्या राहिलेल्या त्या तख्तावर गुरू गोविंदसिंहांची म्हणून जपलेली शस्त्रं आहेत, त्यांत तोड्याची बंदूकही आहे. जुनं लोखंड राखण्याची परंपरा ज्या शहरात अशी नांदती आहे, तिथे वाड्यातल्या दुनळीला मशीनच्या बफवर चढवणं मला अगदी विजोड वाटतं. नळीला हात लावण्याआधी एखाद्या म्हाताऱ्या शिकलगाराला विचारावं. लोखंड किती घासायचं याचा त्यांचा अंदाज पुस्तकातून येत नाही.

रंग झाला तरी आम्ल जिवंत असतं. खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून नळ्या पूर्ण धुवायच्या, पट्टीच्या कडांशी ब्रश फिरवायचा, मग स्वच्छ डिस्टिल्ड पाण्यात एकदा उकळायच्या. गरम असतानाच बाहेर काढल्या की पाणी आपणच उडतं. अंग ऊबदार असेतो मशीनचं बारीक तेल चोळायचं. आता खुंट्या काढा आणि नळ्यांच्या आतला भागही सोड्याच्या पाण्याने पुसून, कोरडा करून, तेलाची चिंधी फिरवा. वाफ आत गेलेली असते, आणि ती विसरली तर गंज बाहेर नाही, आत सुरू होतो.

पुढचे आठ-दहा दिवस रोज एकदा नळीकडे पाहा. कुठे केशरी ठिपका दिसला तर आम्ल राहिलं आहे. पुन्हा सोडा, पुन्हा तेल. ठिपके येणं थांबलं की तेल पुसून मधमाशीच्या मेणाचा अगदी पातळ हात द्या आणि सुती कापडाने चोळा. चामड्याच्या म्यानात किंवा पेटीत नळी कायम ठेवू नये, चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनं सोडतं. भिंतीवर टांगायची असेल तर न्हाणीघराला किंवा कूलरला लागून असलेली भिंत टाळा. आणि घरातल्यांना सांगून ठेवा, की पुढच्या खंडेनवमीला हळदीकुंकू दस्त्याच्या लाकडावर लावायचं, नळी फक्त कोरड्या मऊ फडक्याने पुसायची.